निदेशक तत्त्वांचा आधार घेऊन शासनाकडे मागणी कशी मांडावी

राज्य धोरणाच्या निदेशक तत्त्वांचा, म्हणजे संविधानाच्या चौथ्या भागात राज्याला घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा, उल्लेख निवेदनांत, ग्रामसभेच्या ठरावांत आणि भाषणांत सर्रास होतो. मात्र त्यांपैकी बरेचसे उल्लेख वाया जातात. 'संविधानाच्या अनुच्छेद ३९ व ४१ नुसार हा आमचा हक्क आहे' असे लिहिले, की संबंधित अधिकारी किंवा शासनाचा वकील अनुच्छेद ३७ पुढे करतो आणि विषय तिथेच संपतो. अनुच्छेद ३७ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक म्हणजे चौथ्या भागातील तरतुदींची अंमलबजावणी कोणत्याही न्यायालयामार्फत करून घेता येणार नाही. दुसरी म्हणजे ही तत्त्वे देशाच्या शासनव्यवहारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. शासनाची बाजू मांडणारा पहिला भाग वाचतो, मागणी करणारा दुसरा भाग वाचतो, आणि दोघेही अर्धवटच वाचतात. मागणी मांडणाऱ्याने करायचे ते एवढेच, की हक्क कायद्यातून, शासन निर्णयातून, न्यायालयाच्या आदेशातून किंवा मूलभूत हक्कातून दाखवावा, आणि तो हक्क पूर्णपणे व उदारपणे का द्यायला हवा, याचे समर्थन निदेशक तत्त्वातून करावे. हा क्रम उलटा झाला की निवेदन दुबळे होते.

हे तत्त्व कोणाला उद्देशून आहे, हे आधी निश्चित करावे. आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानातील सामाजिक धोरणाच्या तत्त्वांचा नमुना संविधानसभेपुढे होता, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तत्त्वांची तुलना १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली गव्हर्नर जनरल व गव्हर्नरांना दिल्या जाणाऱ्या सूचनापत्राशी केली होती. फरक इतकाच, की या सूचना विधिमंडळाला आणि कार्यकारी मंडळाला आहेत. त्या पाळल्या नाहीत तर सत्ताधाऱ्यांना न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे मात्र नक्की द्यावा लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. संविधानसभेचे सदस्य प्रा. के. टी. शहा यांना हे पटले नव्हते; बँकेला सवड होईल तेव्हाच वटणारा धनादेश, अशी त्यांनी या भागाची संभावना केली होती. शहांची टीका अगदीच निराधार नव्हती, हे पुढच्या सत्तर वर्षांनी दाखवून दिले. तरी मागणीचा अर्ज लिहिणाऱ्याला उपयोगी पडतो तो आंबेडकरांचा मुद्दा: या तत्त्वांचा पहिला पत्ता सचिवालय, विधिमंडळ, जिल्हा परिषद आणि महानगरपालिका हा आहे. अनुच्छेद ३६ ने 'राज्य' या संज्ञेला अनुच्छेद १२ मधील अर्थच दिलेला असल्याने स्थानिक प्राधिकरणेही तीत येतात. 'हे केंद्र सरकारचे काम आहे, आमचे नव्हे' असे नगरपालिका केवळ या भागाच्या भरवशावर म्हणू शकत नाही. अर्थात, ज्या कामाचा अधिकारच नगरपालिकेकडे नाही ते तिच्याकडे मागण्यात अर्थ नाही. म्हणून ज्याच्या सहीने काम होते तो अधिकारी कोण, हे शोधूनच लेखणी हातात घ्यावी.

योग्य अनुच्छेद निवडणे आणि तो शेवटपर्यंत वाचणे

चौथ्या भागात अनुच्छेद ३६ ते ५१ येतात आणि ते सारे मिळून काही पानांचेच आहेत. ते मुळातून वाचावेत. परीक्षेच्या पुस्तकांतील 'समाजवादी, गांधीवादी, उदारमतवादी' अशी वर्गवारी पाठ करून मागणीला काडीचा उपयोग होत नाही. वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट म्हणजे बंधनाची तीव्रता. सर्व तत्त्वे एकाच जोराने सांगितलेली नाहीत. कामाचा व शिक्षणाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क यांविषयी बोलणाऱ्या अनुच्छेद ४१ मध्ये राज्याच्या आर्थिक क्षमतेची मर्यादा शब्दांतच घातलेली आहे. त्याच्या शेजारचा, कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूतिसाहाय्य यांविषयीचा अनुच्छेद ४२ मात्र त्या मर्यादेचा उल्लेख करत नाही. समान नागरी संहितेविषयीच्या अनुच्छेद ४४ मध्ये राज्याने प्रयत्नशील राहावे, इतकेच आहे. ग्रामपंचायतींविषयीच्या अनुच्छेद ४० मध्ये राज्याने पावले उचलावीत आणि पंचायतींना आवश्यक अधिकार द्यावेत, असा अधिक ठोस आदेश आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांविषयीचा अनुच्छेद ४९ तर थेट राज्याचे दायित्व सांगतो. 'निधी उपलब्ध नाही' हे उत्तर अपेक्षित असेल, तर आर्थिक क्षमतेची अट नसलेला अनुच्छेद हाताशी आहे का, ते आधी पाहावे. वृद्ध शेतमजुरांच्या साहाय्यासाठी ४१ टाळता येणार नाही. पण प्रसूतिरजेसाठी ४१ लिहून ४२ विसरणे म्हणजे शासनाच्या हाती आयतीच सबब देणे होय.

दुसरी गोष्ट म्हणजे अनुच्छेदाचे आजचे रूप. जुन्या पुस्तकावरून उतरवलेला मजकूर हमखास फसवतो. मोफत कायदेविषयक साहाय्याचा ३९क, कामगारांच्या व्यवस्थापनातील सहभागाचा ४३क आणि पर्यावरण व वने यांविषयीचा ४८क हे अनुच्छेद १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले. उत्पन्नातील विषमता कमी करण्याचे आणि दर्जा, सुविधा व संधी यांतील विषमता नाहीशी करण्याचा प्रयत्न करण्याचे ३८(२) हे खंड १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचे आहे. सहकारी संस्थांविषयीचा ४३ख सत्त्याण्णवाव्या दुरुस्तीने आला. अनुच्छेद ४५ चा तर पूर्ण कायापालट झाला आहे. मूळ ४५ मध्ये संविधानाच्या प्रारंभापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते, आणि चौथ्या भागात कालमर्यादा घातलेले ते एकमेव तत्त्व होते. ती मुदत १९६० मध्येच संपली. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या दिरंगाईवर बोट ठेवले, २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने अनुच्छेद २१क घालून सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि त्यानुसारचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आजचा ४५ सहा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या बालकांचे संगोपन व शिक्षण याविषयी बोलतो. प्राथमिक शाळेच्या मागणीत आज ४५ लिहिणे चूक आहे, आणि अंगणवाडीच्या मागणीत तो न लिहिणेही चूकच आहे.

एका निवेदनात दोन, फार तर तीन अनुच्छेद पुरेत. सरनाम्यापासून ५१ पर्यंत सगळ्यांची जंत्री दिलेली निवेदने पाहिली, की लिहिणाऱ्याला नेमके काय हवे आहे हे त्याला स्वतःलाच ठरवता आलेले नाही, असे वाटू लागते.

तत्त्वापासून कायद्यापर्यंतचा पूल

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि बहुतेक निवेदनांत नेमका हाच राहून जातो. एखादे तत्त्व निवडल्यानंतर ते अमलात आणण्यासाठी कोणता कायदा, नियम किंवा शासन निर्णय झाला आहे, हे शोधावे. स्त्रीपुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे ३९(घ) मधील तत्त्व १९७६ च्या समान वेतन कायद्यात उतरले, आणि त्या कायद्याचा विषय आता २०१९ च्या वेतन संहितेत आला आहे. अनुच्छेद ४२ मधील प्रसूतिसाहाय्याची वाट १९६१ च्या कायद्यातून २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेपर्यंत येते. ३९क मधून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला. अनुच्छेद ४० ला खरे बळ त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे २४ एप्रिल १९९३ पासून मिळाले. पोषणमान उंचावण्याविषयीच्या अनुच्छेद ४७ च्या मागे आज २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा उभा आहे. कायदे बदलतात, एकमेकांत विलीन होतात. म्हणून अर्जाच्या दिवशी कोणता कायदा लागू आहे हे तपासून त्याचेच कलम लिहावे.

तत्त्वाचा कायदा कसा होतो, याचे महाराष्ट्रातील सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण रोजगार हमीचे आहे. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर लाखो लोक राबत होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेने, काम ही दुष्काळापुरती मेहेरबानी नसून मागणाऱ्याला मिळालीच पाहिजे अशी गोष्ट आहे, हे तत्त्व स्वीकारले. १९७७ मध्ये विधिमंडळाने त्याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अनुच्छेद ४१ मधील कामाचा हक्क १९५० पासून संविधानात होता. पण कामाची मागणी नोंदवून पावती घेता येईल आणि काम न दिल्यास बेकारी भत्ता मागता येईल, अशी स्थिती कायद्याने आणली. केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तो २००५ मध्ये. आज काम मागणाऱ्या मजुराने अर्जात आधी लागू असलेल्या रोजगार कायद्याचे कलम लिहावे, मागणीची तारीख लिहावी, आणि त्यानंतर एका वाक्यात ४१ लिहावे. भत्ता मिळतो तो कलमामुळे आणि तारखेमुळे. मग ४१ चा उपयोग काय? कायद्याचा अर्थ लावताना दोन पर्याय संभवत असतील, तर तत्त्वाला अनुकूल असलेला अर्थ घ्यावा, असा युक्तिवाद त्यामुळे करता येतो.

याच प्रकारचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील महिला कामगारांच्या खटल्यात लावला. रोजंदारीवर राबणाऱ्या या स्त्रिया नियमित कर्मचारी नसल्याने त्यांना प्रसूतीचे लाभ देता येणार नाहीत, असे महानगरपालिकेचे म्हणणे होते. न्यायालयाने अनुच्छेद ४२ चा आधार घेऊन १९६१ च्या कायद्याचे लाभ त्यांनाही मिळाले पाहिजेत, असा निर्णय दिला. हक्क कायद्याचा होता आणि तो कोणाकोणापर्यंत पोहोचतो, हे तत्त्वाने ठरवले.

कायदाच नसेल तेव्हा

कायदा सापडला नाही, तर मूलभूत हक्काकडे वळावे. येथे थोडा इतिहास माहीत असणे भाग आहे. १९५१ च्या चंपकम दोराईराजन प्रकरणात निदेशक तत्त्वांनी मूलभूत हक्कांच्या मागे, दुय्यम स्थानी राहावे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली होती. १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३१ग आणून ३९(ख) व ३९(ग) (साधनसंपत्तीचे सर्वांच्या हिताचे वाटप आणि संपत्तीचे केंद्रीकरण रोखणे) यांसाठी केलेल्या कायद्यांना समानतेच्या व तेव्हाच्या अनुच्छेद १९ मधील हक्कांच्या आधारे होणाऱ्या आव्हानापासून संरक्षण दिले. १९७३ च्या केशवानंद भारती निर्णयात हे संरक्षण टिकले, पण न्यायालयीन पुनर्विलोकन बंद करणारा भाग रद्द झाला. बेचाळिसाव्या दुरुस्तीने हे संरक्षण सर्वच निदेशक तत्त्वांपर्यंत वाढवले. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निर्णयाने ती वाढ रद्द केली आणि तिसऱ्या (मूलभूत हक्कांच्या) व चौथ्या भागांमधील समतोल हा संविधानाच्या मूलभूत संरचनेचा भाग असल्याचे सांगितले. तेव्हापासून न्यायालये हे दोन्ही भाग एकमेकांच्या प्रकाशात वाचतात. निवेदन लिहिणाऱ्याला यातले एवढेच हवे: उपजीविका, आरोग्य, पर्यावरण, मानवी प्रतिष्ठा आणि कायदेविषयक साहाय्य हे विषय न्यायालयांनी अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात, निदेशक तत्त्वांच्या मदतीने, वाचलेले आहेत.

मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांचा ओल्गा टेलिस खटला यासाठी मुळातून वाचण्यासारखा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी वाचावा. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ३९(क), म्हणजे उपजीविकेच्या पुरेशा साधनांचा हक्क सांगणारे तत्त्व, आणि ४१ यांचा आधार घेत, जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क समाविष्ट आहे, असे स्पष्ट केले. हे वाक्य अनेक अर्जांत दिसते. पण त्याच निकालाने पदपथावरील अतिक्रमण हटवण्याचा महानगरपालिकेचा अधिकार मान्य केला. योग्य प्रक्रिया पाळावी आणि त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळ्यानंतरपर्यंत, झोपड्या काढू नयेत, असे निर्देश दिले, आणि १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा देण्यास सांगितले, तेही झोपडी हटवण्याची पूर्वअट म्हणून नव्हे. त्यामुळे 'ओल्गा टेलिस निर्णयानुसार आम्हाला हटवता येणार नाही' असे लिहिणे चुकीचे आहे. 'नोटीस, म्हणणे ऐकून घेणे आणि पुनर्वसनाच्या योजनेनुसार पात्रता तपासणे यांशिवाय हटवता येणार नाही' असे लिहिणे टिकते.

कायदाही नाही आणि मूलभूत हक्काशी सांधाही जुळत नाही, अशी मागणी असेल तर ती न्यायालयात नेऊ नये. विधिमंडळाने अमुक कायदा करावा, असा आदेश न्यायालय सामान्यतः देत नाही; समान नागरी संहितेविषयी सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी मते व्यक्त केली, पण ती करण्याची सक्ती केली नाही. अशा मागणीची जागा विधिमंडळ हीच आहे.

समोरच्याकडेही एक अनुच्छेद असतो

आपल्या मागणीला संविधानाचा आधार आहे या आनंदात हे हटकून विसरले जाते. वनजमिनीवरील वस्ती उपजीविकेसाठी ३९(क) पुढे करील, तर वन विभाग ४८क पुढे करील. निर्बंध वाजवी आहे, हे सिद्ध करण्यासाठी शासनाने निदेशक तत्त्वांचा वापर प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षांपासून केला आहे: १९५१ च्या बालसारा खटल्यात मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याच्या समर्थनासाठी, पोषणाबरोबरच मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्नही सांगणारा अनुच्छेद ४७ आला, आणि गोवंश हत्याबंदीच्या खटल्यांत अनुच्छेद ४८ येत राहिला. शिवाय तत्त्व तेच राहून धोरण उलटे होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. मधल्या काळात अनुच्छेद ४७ चे एक अक्षरही बदललेले नव्हते.

मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर लावलेल्या) इमारतींवरून उभ्या राहिलेल्या वादातही हेच दिसते. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये घातलेल्या प्रकरणाने अशा इमारती संपादन करून रहिवाशांच्या सहकारी संस्थांकडे देण्याची सोय केली आणि त्यासाठी ३९(ख) चा, म्हणजे समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हिताला पोषक व्हावे या तत्त्वाचा, आधार घेतला. मालकांच्या संघटनेच्या याचिकेतून निघालेल्या प्रश्नावर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने सांगितले, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती होत नाही. ती तशी आहे का, हे साधनाचे स्वरूप, समाजाच्या हितावर होणारा परिणाम, त्याची दुर्मीळता आणि ते मोजक्या हातांत एकवटल्याचे परिणाम यांवरून ठरवावे लागेल. त्यामुळे ३९(ख) वर उभी असलेली मागणी करताना, संबंधित जमीन, पाणी किंवा इमारत या कसोट्यांत का बसते, हे आता लिहावेच लागते. विरुद्ध बाजूचा अनुच्छेद ओळखून त्याचे उत्तर आपल्याच निवेदनात एका परिच्छेदात देऊन ठेवले, तर सुनावणीच्या वेळी धांदल होत नाही.

प्रत्यक्ष निवेदन

एक नमुना घेऊ. मूळ गावापासून दूर असलेल्या एका वाडीत सहा वर्षांखालील चाळीसपेक्षा अधिक मुले आहेत आणि तिथे अंगणवाडी नाही. अशा ठिकाणी हक्काचा आधार दोन जागी सापडतो. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार, सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले असूनही अंगणवाडी नसलेल्या ग्रामीण वस्तीला किंवा झोपडवस्तीला, मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळायला हवी. दुसरा आधार म्हणजे अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ५, ज्यानुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला स्थानिक अंगणवाडीमार्फत वयानुरूप आहार मोफत मिळण्याचा हक्क आहे. निवेदन बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना उद्देशून लिहावे, प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाला आणि गटविकास अधिकाऱ्यांना द्यावी. मजकूर साधारण असा असावा:

'विषय: आमच्या वाडीसाठी स्वतंत्र अंगणवाडी केंद्र मंजूर करण्याबाबत. महोदय, सोबत जोडलेल्या यादीप्रमाणे आमच्या वाडीत सहा वर्षांखालील बालकांची संख्या चाळीसहून अधिक असून वाडीत अंगणवाडी केंद्र नाही. सर्वांत जवळच्या केंद्रापर्यंतचे अंतर व रस्त्याची स्थिती यांचा तपशील सोबतच्या नकाशात दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या दि. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार आणि राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम ५ नुसार वाडीतील बालके या सेवेस पात्र आहेत. भारताच्या संविधानाच्या अनुच्छेद ४५ व ४७ यांनी बालसंगोपन व पोषण यांविषयी राज्यावर सोपवलेले कर्तव्य लक्षात घेता, वस्तीच्या निकषांचा अर्थ बालकांना सेवा मिळेल अशा रीतीने लावावा. हे निवेदन म्हणजे उपरोक्त आदेशात अभिप्रेत असलेली मागणी समजावी आणि तीन महिन्यांच्या आत घेतलेला निर्णय कारणांसह लेखी कळवावा, ही विनंती.'

या मजकुरात वस्तुस्थिती आधी आहे, हक्क त्यानंतर आहे, आणि निदेशक तत्त्व एकाच वाक्यात, पण नेमक्या जागी आहे: ते निकषाचा अर्थ कोणत्या दिशेने लावावा हे सांगते. 'ही मागणी समजावी' हे वाक्य निरुपद्रवी दिसते, पण मुदतीची गणना त्यावरून सुरू होते. मुलांच्या यादीत जन्मतारखा असाव्यात आणि शक्य तर आशा स्वयंसेविकेच्या किंवा जन्मनोंदणीच्या माहितीशी ती ताडून घ्यावी, कारण अशा प्रकरणांत वाद संविधानावर क्वचित होतो. तो मुलांच्या संख्येवर होतो. ग्रामसभेचा ठराव जोडल्यास वजन वाढते. ठराव 'सर्वानुमते चर्चा झाली' एवढ्यावर थांबू नये. मागणी कोणती, कोणाकडे आणि कोणत्या आधाराने, हे ठरावाच्या मजकुरातच यावे. निवेदन मराठीत असावे याबद्दल संकोच नको. राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अनुच्छेद ३५० ने दिला आहे, आणि तो केंद्राच्या कार्यालयांपुढेही चालतो.

'निधी नाही' आणि 'धोरणात्मक बाब आहे'

ही दोन उत्तरे येणारच. पहिल्या उत्तराला वादाने प्रत्युत्तर देण्यापेक्षा माहिती मागवावी. माहितीच्या अधिकाराखाली संबंधित लेखाशीर्षावर (अर्थसंकल्पातील त्या खर्चाच्या खात्यावर) त्या वर्षी किती तरतूद होती, किती निधी वितरित झाला, किती खर्च झाला आणि किती परत गेला, याच्या नोंदींच्या प्रती मागाव्यात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो व त्यासाठी १० रुपये शुल्क आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. 'निधी का दिला नाही' असा प्रश्न विचारू नये, कारण या कायद्याखाली नोंदीत असलेली माहिती मिळते, स्पष्टीकरण मिळत नाही. त्याऐवजी निर्णयाची टिपणी मागावी. शिवाय याच कायद्याच्या कलम ४ मध्ये, प्रशासकीय निर्णयाने बाधित होणाऱ्या व्यक्तींना कारणे देण्याचे बंधन सार्वजनिक प्राधिकरणावर आहे. निवेदनात 'कारणांसह' हा शब्द घालायचा तो यासाठीच. निधी परत गेल्याची नोंद हाती आली, की अनुच्छेद ४१ मधील आर्थिक क्षमतेची सबब त्या वर्षापुरती तरी उरत नाही.

दुसरे उत्तर खरे असेल तर ते मान्य करून पत्ता बदलावा. धोरणच हवे असेल, तर आमदारांमार्फत तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना, विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे अर्ज आणि अर्थसंकल्पापूर्वी विभागाकडे निवेदन, हे मार्ग आहेत. राज्याचा अर्थसंकल्प साधारणपणे मार्चमध्ये मांडला जातो आणि विभागांचे प्रस्ताव त्याच्या बरेच आधी तयार होतात; फेब्रुवारीच्या अखेरीस दिलेले निवेदन त्या वर्षासाठी उशिराचेच ठरते. इथे मात्र निदेशक तत्त्वे मोकळेपणाने वापरावीत. अधिकाऱ्यासमोर जे वाक्य दुबळे ठरते, तेच विधिमंडळासमोर पुरेसे असते, कारण अनुच्छेद ३७ मधील कर्तव्य कायदे करणाऱ्यांवर आहे.

न्यायालयात जाण्याची वेळ आलीच, तर अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात केवळ मूलभूत हक्कांसाठी जाता येते, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात कायद्याने दिलेल्या हक्कासाठीही जाता येते, हा फरक लक्षात ठेवावा. निदेशक तत्त्वांशी निगडित बहुतेक प्रकरणांना दुसरा मार्ग सोयीचा पडतो. याचिकेपूर्वी लेखी मागणी केल्याचा आणि ती नाकारल्याचा किंवा तिला उत्तर न मिळाल्याचा पुरावा लागतो, म्हणून प्रत्येक निवेदनाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा व पोस्टाने पाठवल्यास पोचपावती जपावी. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत विधी साहाय्य मिळते, आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अंगणवाडीसारख्या प्रकरणात अर्जदार म्हणून वाडीतील मातांची नावे पुढे ठेवावीत, म्हणजे साहाय्याची पात्रता आणि बाधित व्यक्ती असल्याचा पुरावा हे दोन्ही एकाच वेळी पूर्ण होतात.